घरातला सागवान

नवी वाडी, जि. चांदा
१२ फेब्रुवारी १९५७

सौ. सुगंधा हीस, वारलूचा आशीर्वाद.

दोन वर्षांआधी माहेरी जाताना तू म्हटलं होतं, "हे झाड घरातून जाईन, तवाच मी येईन." तुझं बरोबर होतं. जमिनीचा पट्टा भेटला तवा बाकी जंगल तोडायची परवानगी होती, साग तेवढा सरकारचा. मी म्हटलं, आयता खांब भेटला, अन् त्याच्याच भोवती घर बांधलं. तुझ्यापुढे लय हुशारी मिरवली. आता वारा सुटला का झाड हालते, अन् चुलीपासून गोठ्यापर्यंत सारं घर हालते. पावसाळ्यात बुंध्यावरून पाणी अंथरुणात येते.

तू गेल्यापासून मी अर्जावर अर्ज करून राह्यलो, साग तोडा म्हणून. आज सकाळी जंगलाचा नाकेदार आला. बुंध्यावर हातोडीनं शिक्का मारून म्हणाला, "होळी झाली का तोडतो." मले आनंद झाला. मग त्यानं वर पाहिलं.

"वारलू, आढं कशावर टेकवलं गा?"

मी बी वर पाहिलं. सारे वासे त्याच झाडावर हायेत.

"अर्ज वापस घेतो," मी म्हटलं.

"मारलेला शिक्का पुसता येत नाई. नव्या खांबासाठी लाकूड पाहिजे, तर वेगळा अर्ज कर."

पहिल्याले दोन वर्षं लागली.

हे पत्र मी टपालात टाकत नाई. झाड चाललं असं वाचलं, तर तू खरंच निघशील. पण येशील कुठी?

तुझाच,
वारलू