हळदीच्या आमंत्रणाने नंबर वाळीत

ती. जीवन दाजींस,

शेणव्याहून तुमचा मेव्हणा कमळाकर याचा वाकून नमस्कार (मोबाइलवर टाकतात त्या जोडलेल्या हातांचा नव्हे, खरा). गुडघा कसा आहे? सिद्धगडच्या पायथ्याला गारवा फार, शेकत जा. आमची बहीण भागीबाय बरी असेल. असेलच म्हणतो, कारण ती माझा फोन उचलत नाही. मेलचा धंदा करणारा माणूस कागदावर का लिहितोय, असं तुम्ही विचाराल. माझी मेल सध्या कुणाकडे पोचत नाही हो!

त्याचं असं झालं. आमच्या दीपेशची हळद ठरली. व्हॉट्सॲपवर काय, सगळेच बोलावतात. मी शहापुरातल्या दुकानात बसून रिसॉर्टवाल्यांची, नर्सरीवाल्यांची, तुमच्या होमस्टेची मेल पाठवतो, तर पोराची हळद मेलनेच सांगायची असा मला चेव आला. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. एक घर सुटलं की वर्षभर तोंडं फिरवतात. म्हणून दुकानात आजवर ज्यांचे ज्यांचे फॉर्म भरले त्या सगळ्यांना आमंत्रण धाडलं. बारकूतात्यांनासुद्धा. (तात्यांना जाऊन किती पावसाळे झाले, पण माणूस गेला तरी घराचं बोलावणं चुकवत नाहीत. त्यांचा पत्ता पीकविम्यासाठी मीच काढून दिला होता.) रिसॉर्टच्या यादीतले, तानशाला एकदा राहून गेलेले मुंबईकरही सोडले नाहीत. आणि एकदाच सांगितलं तर आपल्यात त्याला कुणी आमंत्रण म्हणत नाही, म्हणून आग्रहाने तीनदा!

तिथेच घात झाला. बंद पत्त्यांवरची मेल धडाधड परत आली. मुंबईकरांनी 'हा कोण बुवा कमळाकर' म्हणत स्पॅमचं बटण दाबलं. मग मेल कंपन्यांनी माझ्या सर्व्हरचा आयपी नंबर, म्हणजे ज्या नंबरवरून माझी सगळी मेल बाहेर पडते तो, काळ्या यादीत घातला. गावात वाळीत टाकणं कायद्याने बंद झालं, इंटरनेटवर जोरात चालू आहे. आणि मी शहाणा, सगळ्या गिऱ्हाइकांना त्याच एका नंबरवर बसवलेलं. माझ्यापायी सगळेच अडकले.

तुमचं तर फारच वाईट झालं. कॉलेजच्या त्या पोरांनी रविवारी येऊ का म्हणून विचारलं, तुम्ही 'या' लिहिलंत, आणि तुमची मेल वाटेतच अडली. उत्तर नाही म्हणून पोरं दुसरीकडे गेली. इकडे बायने नाचणीच्या भाकऱ्यांची चवड रचली, कोंबडा शिजवला नि वाटेकडे डोळे लावून ओट्यावर बसली. तुमच्या सारिकानेच फोनवर सांगितलं, "मामा, आई भाकऱ्या झाकून ठेवत होती." दाजी, फार शरम वाटली. अजून वाटते. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मला जेवण तरी गेलं असतं.

आता शहाणा झालोय. बंद पत्ते काढले, काळ्या यादीतून सोडा म्हणून अर्ज केला, गिऱ्हाइकांसाठी वेगळा नंबर घेतला. नव्या बैलाला पहिल्याच दिवशी सगळं शेत नांगरायला लावत नाहीत, तसंच या नव्या नंबरचं. थोडी थोडी मेल, तीही ओळखीच्यांना, आणि विचारल्याशिवाय कुणालाच नाही.

तुमचा चुकलेला,
कमळाकर

ता. क. : खरं काम राहिलंच. नव्या नंबरची पत वाढायला कुणीतरी मेल उघडून उत्तर द्यावं लागतं. तेवढी माझी मेल स्पॅममधून बाहेर काढून दोघांनी रोज उत्तर देत जा. बायने शिवी लिहिली तरी चालेल, उत्तर म्हणून धरतात.

पुन्हा ता. क. : पत्र दीपेशच्या आईने, गिरजाने, वाचलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, "भाकऱ्यांचा राग कवाच गेला. अवो, जगाला तीन तीनदा बोलावलात नि पोराच्या सख्ख्या आत्याला एकदा पन नाय!" दाजी, यादी उघडून पाहिली. खरंच नाही. बायला मेल कसली करायची, साडी घेऊन मी स्वतः जाणार, म्हणून तिचं नाव घातलंच नव्हतं, आणि नंबर सोडवायच्या धावपळीत जायचं राहून गेलं. तेव्हा हे पत्र पोस्टात टाकत नाही. तोंडाने एवढं सांगणं मला जमायचं नाही, म्हणून आधी पत्र आत देतो. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी साडी घेऊन तुमच्या अंगणात उभा आहे. बायला बाहेर पाठवा.