पोकळ गोल

११ ऑगस्ट २००६, उमरखेड
आलो एकदाचे! सलीलला इथल्या कॉलेजात नोकरी लागल्यापासून नागपूरचे सगळे ‘तिथं काय आहे’ म्हणून भंडावत होते. इथं उंच, कोऱ्या भिंती आहेत, हे आहे. प्रदर्शनातून घेतलेल्या जुन्या नकाशांच्या सहा नकलांना शेवटी जागा मिळाली. वऱ्हाडाचा नकाशा सगळ्यात मोठा. त्याची काच एसटीत फुटली, म्हणून बिनकाचेचाच बैठकीत टांगला. खाली बारीक इंग्रजी अक्षरांची यादी होती. भिंतीवर ती बरी दिसली नसती, म्हणून फ्रेमवाल्याला मीच ती पट्टीखाली दडपायला लावली होती. सलील म्हणतो, तू इतिहाससुद्धा भिंतीच्या मापानं कापशील. कापीन की.

१६ ऑगस्ट
कामाला भागीरथाबाई मिळाल्या. पळसधऱ्याहून रोज पहिल्या गाडीनं येतात. घरी कापूस, तूर, बैलजोडी. तोंडाला मात्र विसावा नाही. आमची स्पृहा सहा वर्षांची, पण दोन दिवसांत माझ्यापेक्षा त्यांचीच झाली. नकाशा कशाचा ते सांगितल्यावर म्हणाल्या, “आमचं गाव काहून नाही याच्यात?” मी म्हटलं, शंभर वर्षांपूर्वीचा आहे हो. गावातलं देऊळ त्याच्याहून जुनं आहे म्हणाल्या आणि दिवसभर फुरंगटून बसल्या.

२२ ऑगस्ट
उद्या पोळा, परवा तान्हा पोळा. भागीरथाबाई स्पृहाला गावी नेणार, नातवंडांबरोबर लाकडी बैल मिरवायला. कापसानं यंदा गावाची तोंडं उतरवलीत, पण बैलायले का मालूम, म्हणाल्या. बैल मीच रंगवला, निळी झूल, पिवळी शिंगं. ऐन निघताना आमच्या छोट्या बाईसाहेबांचं रडं सुरू. गाव नकाशात नाही म्हणजे आपण हरवणार! म्हणून लाल पेन घेतलं आणि घातलं गाव नकाशात. बाकी गावांची भरीव टिंबं मला माश्यांच्या घाणीसारखी वाटतात. मी पोकळ गोल काढला, चांगला नाजूक, शेजारी नाव. भागीरथाबाईंनी त्यावरून हात फिरवला. दोघी चारच्या गाडीनं गेल्या.

२५ ऑगस्ट
सकाळी येणार होत्या. संध्याकाळ झाली तरी पत्ता नाही. सलील स्टँडवर जाऊन आला. कंडक्टर म्हणाला, पळसधरा नावाचा थांबाच नाही. डेपोतल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, ते तर रीठ आहे, आज्याच्या वेळेपासून ओसाड गाव. मी त्याला वेड्यात काढलं. भागीरथाबाईंची डोक्यावरच्या ओझ्याची चुंबळ अजून आमच्या खुंटीला आहे.

२६ ऑगस्ट
ठाण्यावरचे दोन पोलीस घेऊन गेलो. पळसाचं रान. बुजलेली विहीर. देवळाचा नुसता ओटा, आणि ओट्यावर स्पृहाचा बैल. लाकूड वाळवीनं खाल्लेलं. झुलीचा निळा रंग पार उडालेला. चार दिवसांपूर्वी रंगवला होता मी. माझं डोकं चालत नाही.

२८ ऑगस्ट
नकाशाच्या फ्रेमची पट्टी उचकटली. खाली दडपलेली खुणांची यादी वाचली. भरीव टिंब, वस्तीचं गाव. पोकळ गोल, उजाड.
मी केलं हे. माझ्या हातानं.
गोल लाल शाईनं भरला. वाळला की आतून पुन्हा कोरा. दहा वेळा भरला—

२९ ऑगस्ट
सलीलनं विचारलं, ही छोटी चप्पल कुणाची. मला वाटलं, दुःखानं बोलतोय. फोटो दाखवायला गेले. फोटोत आम्ही दोघंच. मधे जागा.

३० ऑगस्ट
भर दुपारी, नकाशातून घुंगरं. लाकडी चाकं. कान लावला. स्पृहाच— ‘आई कधी येणार’ विचारते. भागीरथाबाई म्हणतात, येईल वं, येईल—
ओरडले. तिला ऐकू जात नाही.

३१ ऑगस्ट
सकाळी तिचं नाव आठवायला वेळ लागला. मला. आईला. म्हणून लिहून ठेवते. स्पृहा. स्पृहा. निळी झूल. उद्यापर्यंत हेही—
नाही. विसरायच्या आत जायचं.
उमरखेडभोवती गोल काढला तर मीही तिकडे जाईन, पण तो काढणार नाही. गावात लोक आहेत, सलील आहे. नुसतं पळसधऱ्याच्या गोलात माझं नाव लिहिलं, बारीक. केतकी.
शाई टिकली.

सलील चहा घेऊन आला. एकच कप. मी बसलेली असताना माझ्या खुर्चीवर त्याची पिशवी ठेवायला—
ओल्या गवताचा वास. घुंगरं जवळ. स्पृहा, ओट्यावरच थांब बाळा, हलू नकोस, आले मी, आ—