तो राग नव्हता

प्रिय निकिता,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कर्वेनगरहून येरवड्याला पत्र पाठवतेय. उजवा डोळा हाताने झाकून लिहितेय. दोन्ही उघडे ठेवले की एका ओळीच्या दोन होतात. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

साखरपुड्याचे फोटो बघून तू म्हणालीस, "आई, प्रत्येक फोटोत डोळे वटारून बसलीयेस. राकेशच्या घरच्यांना वाटलं, तुला हे लग्न मान्यच नाही." मीही तडकून म्हणाले, "नाहीच आहे!" त्याला आठ महिने झाले. तुम्ही रजिस्टर लग्न केलंत, ते मला शेजारच्या सत्यशीलाताईंकडून कळलं.

आजार तेव्हाच सुरू झाला होता गं. छाती धडधडायची, वजन उतरत होतं. मला वाटायचं, तुझ्या लग्नाची काळजी. मग पहिलीच्या वर्गातली मुलं मला घाबरायला लागली. एक चिमुरडी रडत म्हणाली, "बाई, मी काय केलं?" मी तर तिच्याकडे नुसती बघत होते. डॉक्टर म्हणाले, शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर उलटलंय, त्यातून डोळ्यांच्या मागे सूज आलीय. डोळे पुढे आलेत, पापण्या वर ओढल्या गेल्यात. झोपेतही मिटत नाहीत; चिकटपट्टी लावून झोपते.

शाळेतली नोकरी सुटली. मंडईत एका पायरीच्या दोन दिसल्या, नसलेल्या पायरीवर पाय टाकला आणि पडले. उचलायला आलेली बाई चेहरा बघून बिचकली. "डोळे आलेत का?" म्हणाली. म्हटलं, "आलेत, जायचं नाव घेत नाहीत." घरी येऊन खूप रडले. आरशावर टॉवेल टाकून ठेवलाय.

तुला कळवावं असं रोज वाटायचं. पण आजारपण पुढे करून जवळ ओढतेय असं वाटेल, म्हणून गप्प राहिले. आणि खोटं कशाला बोलू, थोडा राग होताही. डोळ्यांत दिसला तेवढा नव्हता.

गेल्या आठवड्यात उजव्या डोळ्याला लाल टोमॅटो मातकट दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले, "नजरेची नस दबतेय, आता थांबू नका." स्टेरॉइडची सलाइनं झाली, उपयोग नाही. गुरुवारी ऑपरेशन आहे. डोळ्यामागचं हाड कापून जागा करणार. उजव्याची उतरलेली नजर परत येईल असं कुणी म्हणत नाही, आणि डावाही अंधुक होत चाललाय. मला फार भीती वाटते, निकी. कागदावर सही सत्यशीलाताई करतील, माझ्यापाशी राहतीलही. तू फक्त बुधवारी दिवसाउजेडी ये. नको बोलूस हवं तर. खिडकीपाशी बस, मला तुझा चेहरा नीट बघून ठेवायचाय.

तुझीच,
आई