मस्टँगची मागची सीट

२३ ऑगस्ट, शनिवार
आन्याला पिट्सबर्गला कॉलेजच्या डॉर्मवर सोडून ओहायोतल्या आमच्या डब्लिनला परत आलो. मी अजिबात रडले नाही. विनय म्हणतो, हायवेवरच्या रेस्ट एरियात व्हेंडिंग मशीनला डोकं टेकून उभी होतीस. मी चिप्स निवडत होते.
रात्री मोठा निर्णय. आता स्वतःसाठी जगायचं. सेकंडहँड मस्टँग घेणार, टप उघडणारी. लेक कॉलेजला जाण्याशी याचा काही संबंध नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार
मस्टँग म्हणजे नुसती मस्टँग नसते. तिच्यात ट्रिम असतात. इकोबूस्ट, इकोबूस्ट प्रीमियम, जीटी, जीटी प्रीमियम. थाळीत असतं तसं, साधी आणि स्पेशल. इकोबूस्टचं इंजिन लहान, जीटीचं दणदणीत. प्रीमियम म्हटलं की लेदर, मोठा स्क्रीन, गरम होणाऱ्या सीटा.
गरम सीट हवीच. आन्याला थंडी फार वाजते.
विनयने विचारलं, गाडी नक्की कोणासाठी? म्हटलं, माझ्यासाठी. मग आन्याच्या थंडीचं काय, म्हणे. त्याला ट्रिममधलं काही कळत नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
रंग पिवळाच. आन्या चौथीत होती तेव्हा सॉकरच्या वाटेवर एका घरासमोर पिवळी मस्टँग उभी असायची. रोज मागच्या सीटवरून ओरडायची, आई, येलो मस्टँग! ते वर्ष माझं जरा असंच गेलं, त्याबद्दल लिहायचं नाही. पण मुलीचं स्वप्न मी विसरलेली नाही.
प्लॅन ठरला. ऑक्टोबरात तिला फॉल ब्रेकची सुट्टी. डॉर्मसमोर गाडी उभी करायची, टप उघडा, दोन्हीकडे लाल-पिवळी झाडं. ती धावत येईल. तोवर गुपित.
तिला मेसेज केला, ब्रेकला घरी येणार ना? उत्तर आलं, प्रॉबब्ली. म्हणजे येणार.

६ सप्टेंबर, शनिवार
डीलरकडे गेलो. सेल्समन कर्टिस, भला मोठा, शांत माणूस. लाल इकोबूस्ट दाखवली. मी डिकीत लाडवांचा डबा, कुकर आणि आन्याची रजई ठेवून पाहिली. रजईने घोटाळा केला. कर्टिस म्हणाला, कुकर आणून ट्रायल घेणारं गिऱ्हाईक पहिलंच पाहिलं.
मग मागच्या सीटवर बसून पाहिलं. बसता येतं. उठता येत नाही. एक हात कर्टिसने ओढला, एक विनयने. कर्टिस म्हणाला, ही सीट लोक मुख्यतः जॅकेट ठेवायला वापरतात. आन्या बारीक आहे, तिला जमेल.

७ सप्टेंबर, रविवार
सापडली! त्याच डीलरच्या साइटवर पिवळी जीटी प्रीमियम, कन्व्हर्टिबल. आज डीलर बंद. उद्यापासून पितृपक्ष.
माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. फक्त माहिती म्हणून मंडळाच्या सुलेखाकाकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, अगं, पितृपक्षात गाडी? आणि पोरीला बसवणार तीत? मग म्हणाल्या, तुमचं तुम्ही बघा. हे वाक्य फार वाईट.
थांबणार. थांबायचंच तर दसऱ्यापर्यंत.

८ सप्टेंबर, सोमवार
कर्टिसला फोन करून सांगितलं, गाडी राखून ठेव. तो म्हणाला, मग डिपॉझिट दे. म्हटलं, या पंधरवड्यात तेही चालत नाही, हा आमच्यात गेलेल्या माणसांचा काळ असतो. त्याने हळू आवाजात विचारलं, कोण गेलं? म्हटलं, सगळेच. मग म्हणाला, आय ॲम सो सॉरी.
खुलासा करणार होते. पण तो गाडी राखायला तयार झाला.

१७ सप्टेंबर, बुधवार
लंचला जाता जाता गाडी पाहून आले. वाटेत नाही, पण फार लांबही नाही. कर्टिसने ऑफिसात सांगितलेलं दिसतं. रिसेप्शनवरच्या बाईने माझा हात दोन्ही हातांत धरला. मी धरू दिला. खरं तर बरं वाटलं.

२२ सप्टेंबर, सोमवार
घट बसले. विनय म्हणाला, सुटलं ना ते पितृपक्षाचं? आज जाऊन घेऊन टाक. म्हटलं, ठरलं म्हणजे दसरा. शिवाय जीटी की इकोबूस्ट, हा विचार बाकी आहे. जीटीचा आवाज मोठा. आन्या गाडीत झोपते.

३० सप्टेंबर, मंगळवार
पिवळी विकली गेली. कर्टिस म्हणाला, तुमच्या दुःखाचा मान ठेवून जमेल तेवढी थांबवली, पण एक रिटायर्ड डेंटिस्ट चेक घेऊनच आले. आता राखाडी इकोबूस्ट आहे. बेस ट्रिम, टप बंद, सीट थंड.
एका अर्थी बरंच झालं. साधेपणात वेगळी मजा असते.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा
झेंडूचा हार आणलाच होता. जुन्या सिएनाला घातला. व्हॅनला हार शोभत नाही असं नाही.
आन्याचा फोन आला. न राहवून सगळं सांगितलं. तुझी ती पिवळी मस्टँग, तुझं स्वप्न. मग म्हणाली, आई, मला ती कार कधीच नको होती, लो कारमध्ये मला मळमळतं. आजी गेली त्या वर्षी तू बोलायचीच नाहीस. त्या घराजवळ आलो की गाडीकडे बघून थोडी हसायचीस. मी आरशात बघितलं होतं. सो मी रोज ओरडायचे.
मी म्हटलं, बरं.
मग म्हणाली, ब्रेकला रूममेटकडे जातोय सगळ्या, एरीला, लेकच्या काठी. पण राइड नाही. तू सिएना आणशील का, प्लीज? मस्टँगमध्ये कोणीच मावलं नसतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
विनयला सुट्टी नव्हती. एकटी गेले. आन्या धावत आली. मागे मैत्रिणी, मागे त्यांच्या बॅगा. रजईसकट सगळं मावलं. मागच्या रांगेत नुसता हसण्याचा कालवा. हायवेवर अचानक आन्याचा आवाज आला, आई, येलो मस्टँग!
पाहिलं. शाळेची बस होती.
आरशात ती माझ्याकडेच बघत होती. मी हसले.
त्यांना लेकवर सोडलं. घराकडे वळले. टप उघडत नाही ते एक बरं, बाहेर पाऊस होता.
रेस्ट एरियात थांबले. चिप्स निवडायला बराच वेळ लागला.