शिस्तीचा द्रव

४ मार्च
माझी खुर्ची गेली. राज्यं गेली तेव्हा त्यांच्यावर ग्रंथ लिहिले गेले. खुर्चीच्या नशिबी ही वही. टेबलावर चिठ्ठी — ‘पाठ दुखते. खुर्ची नेतो आहे.’ अक्षर प्रयोगशाळेच्या तळघरातल्या मोजणीवाल्याचं. मी दिवसभर स्टुलावर. माझ्या पाठीला बहुधा पाठ म्हणत नाहीत.

५ मार्च
तळघरात गेले आणि खुर्ची ढकलत वर आणली. मोजणीवाला उठून उभा राहिला. म्हणाला, “न्या, बाई. पण तुमचा द्रव एकदा बघा. तो द्रव नाही.”

चोर तो, आणि उलटतपासणी माझी!

तो खऱ्या द्रव नायट्रोजनवर क्ष-किरण सोडून रेणू एकमेकांपासून किती लांब बसतात ते मोजतो. मी पाचशे रेणू संगणकात कोंडून तेच गणिताने काढते. त्याच्या आलेखात एक डोंगर, मग टेकडी, मग सपाट माळ. माझ्या आलेखात शेवटपर्यंत डोंगरच डोंगर. तापमान मात्र बरोब्बर द्रवाचं. माझे रेणू शिस्तीचे, त्याला मी काय करू?

९ मार्च
बैठक. संचालक म्हणाले, “संगणक कशाला खोटं बोलेल? जुनं यंत्र, थकलेले डोळे. निबंधातून तळघराची मोजमापं वगळा.”

मोजणीवाला महिनाअखेर निवृत्त होतोय. आमचा दोघांचा हा निबंध त्याचा शेवटचा. एकतीस वर्षं खाली बसून मोजलं, आणि आता तळटीपेतही जागा नाही. तो माझ्याकडे बघत होता. मी संचालकांच्या टायकडे. भयंकर टाय.

१० मार्च
जेवताना सगळ्यांचा उद्धार केला — संचालक, तळघर, टाय. नवरा भात कालवत म्हणाला, “तुझं बरोबर असलं की तू इतकी चिडत नाहीस.”

याला कोणी विचारलं होतं?

११ मार्च
आजवर नुसते आकडे बघत होते. आज रेणूंची हालचाल पडद्यावर चित्र म्हणून लावली.

पाचशेच्या पाचशे गोठलेले. एकमेकांना चिकटून ओळीत उभे, आणि अख्खा गठ्ठा एकाच दिशेने सुसाट! संगणक तापमान काढतो रेणूंच्या वेगावरून. बस भरधाव, आत सगळे घोरताहेत, आणि मी वेगाचा काटा बघून जगाला सांगतेय, आत काय धिंगाणा चाललाय!

हे होऊ नये म्हणून प्रोग्रॅममध्ये एक ओळ असते. गठ्ठ्याचा एकत्रित वेग ती वरचेवर शून्य करते. डिसेंबरात ‘भरताड’ म्हणून ती ओळ कोणी काढली? अस्मादिकांनी.

१२ मार्च
ओळ परत घातली. संध्याकाळी आलेख आला: डोंगर, टेकडी, माळ. त्याच्या आलेखावर ठेवला तर रेघ वेगळी दिसेना.

संचालकांना लिहून दिलं: चूक माझी, तळघराची मोजमापं बरोबर, निबंधावर पहिलं नाव त्याचं. ते म्हणाले, “बाई, इतकं स्पष्ट कागदावर कशाला?” म्हटलं, तोंडी सांगितलं तर तुम्ही विसराल. मी खाली सही केली.

१३ मार्च
सगळ्यांच्या आधी पोचले. एक चाक अडत होतं म्हणून खुर्ची उलटी केली. बुडाशी पांढऱ्या रंगात — ‘तळघर’. नऊ वर्षांपूर्वी ‘दोन दिवस वापरते’ म्हणून मीच आणली होती. चाकातला दोरा काढला, खाली नेऊन त्याच्या दाराशी ठेवली. चिठ्ठी नाही ठेवली.