बाहेरून कडी

सोमवार, ३ तारीख
आले बाई एकदाची लेकाच्या नव्या घरी! मी चौथी पास, त्यात हात थरथरतो, पण नातीनं ही वही दिली आणि म्हणाली, आजी, रोज लिही. नातीला आम्ही चिमणी म्हणतो, तोंड मिटतच नाही म्हणून. माझ्यावरच गेलीय! खोली मागच्या अंगाला, शांत. पलंग, निळा पडदा, भिंतभर लाकडी कपाट. तीस वर्षं लॉजमध्ये परक्यांच्या चादरी बदलल्या, आता माझी चादर सून बदलणार म्हणे. मला तर हसूच फुटलं. गुडघा तेवढा कुरकुरतोय. ते असो.

मंगळवार, ४
लॉजची सवय जाते होय! पाहुणा गेला की खोली बघून मी सांगायचे, हा बायकोशी भांडून आला होता, हा परीक्षेला. मॅनेजर म्हणायचा, मावशी, तुम्ही पोलिसात हव्या होत्या. तर आज ही खोली वाचली. आधी इथं विहीणबाई असायच्या, सुनेची आई. आता गावी भावाकडे मजेत आहेत असं सून म्हणाली. पण पलंगापासून खिडकीपर्यंत फरशी झिजलीय, एकाच वाटेनं. गादीखाली बिस्किटांचे तुकडे, रुमालात बांधून लपवलेले. आणि खणात कवळी. कवळी घरी ठेवून भावाकडे कोण जातं?

बुधवार, ५
दाराला आतून कडी नाहीच. बाहेरून आहे, हात लागून लागून चकाकलेली. लेकाला विचारलं तर म्हणाला, गॅस चालू ठेवशील, जिन्यावरून पडशील, तुझ्या भल्यासाठीच आहे. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय शेळी आहे, दावणीला बांधायला? तर ह्यानं शांतपणे बिस्किटांची ताटली ठेवली, दार ओढलं आणि कडी घातली. भर दुपारी!

गुरुवार, ६
ती ताटली बघून आठवलं. हा लेक तेव्हा चार वर्षांचा. त्याला लॉजच्या रिकाम्या खोलीत बसवायचे, पुढ्यात बिस्किटं, बाहेरून कडी. तुझ्या भल्यासाठीच रे राजा. तीन थापा मारायचा, थांबायचा, परत तीन. मी वरचा मजला झाडत असायचे, ऐकू येत असायचं. राग कुणावर काढू? ह्याच्यावरच काढते. मला नाइलाज होता, ह्याला कसला? आणि मी संध्याकाळी उघडायचे. मी उघडायचे!

शुक्रवार, ७
कपाटातून थापा. तीन. थांबतं. परत तीन. कपाट रिकामं आहे, पण मागची फळी हलते—
चिमणी दाराबाहेरून विचारत होती, रविवारी तिसरी आजी येणार, आईची मावशी, मग तू पण जुन्या आजीसारखी कपाटामागे राहणार का? मी ओरडले, कडी काढ गं! म्हणाली, हात पुरत नाही. तेवढ्यात सुनेनं तिला हाक मारली.

शनिवार, ८
फळीच्या फटीतून कवळी आत सरकवली. आतून कुणीतरी घेतली. बोटं लागली. गार—
लेकाला नाही नाही ते बोलले. तो माझी उशी झटकत होता. नव्या अभ्र्यात घातली. माझ्यासाठी नाही.

रविवार, ९
मावशी आल्या. हसतायत. किती शांत घर, म्हणतायत. दार बडवलं. टीव्हीचा आवाज वाढला—
फळी उघडलीय. मी नाही उघडली. विहीणबाईंनी मनगट धरलंय. ओढत नाहीत, नुसतं धरलंय. तिकडे खिडकी नाही—
कडी वाजली. ताटली घेऊन येतोय, मेला, लाज नाही—
वही गादीखाली सारते. मावशी, हसू नका, आधी फरशी बघा, मग दाराची क