वजनकाट्याचा सेल

बाबा,

तुमचा कॉम्प्युटर सुरू झालाय. भंगारवाला आला तर त्याला पाणी विचारा आणि रिकाम्या हाती परत पाठवा.

तुमच्या थरथरत्या बोटांनी काही बिघडलेलं नाही. आतला बटणाएवढा सेल संपला होता, म्हणून कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं हेच बिचारा विसरत होता. व्हिडिओ बघत बघत मी पेटी उघडली, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचा सेल काढून त्यात घातला आणि त्याला डिस्क पुन्हा दाखवून दिली. नवा सेल येईपर्यंत केक अंदाजपंचे होईल, तोंड वाकडं न करता खा. कॉम्प्युटरला जागं व्हायला वेळ लागतो. पडदा काळा दिसला की लगेच प्लग ओढू नका, तोवर चहा करून घ्या.

संपादकांचा फोन आला होता. ‘यापुढे शब्दकोडं जमणार नाही’ हा तुमचा निरोप मी दिलेला नाही. तुम्ही आंघोळीला गेलात, एवढंच सांगितलं. ते संध्याकाळी पुन्हा करतील. नाही म्हणायचंच असेल तर तुमच्या तोंडाने म्हणा.

अर्धवट कोडं पडद्यावर उघडून ठेवलंय. मी सोडवायला बसले आणि उभ्या सातला अडकले, कारण पुढचं तुम्ही रचलेलंच नाही. सुनेला असं अधांतरी ठेवून निवृत्त होणं काही बरं नव्हे.

कामावर निघते.